धुराला वास नाही

२ जून
दुसऱ्या भट्टीची आच आज आणखी खाली आणली – आणि धुराला तरीही वास नाही! पहिल्या भट्टीत करवंट्यांचा कोळसा होतो. त्याचा डांबरी धूर दुसरीत जाळायचा, मगच चिमणीतून सोडायचा. ही रचना माझी, कॉलेजची पायरी न चढता केलेली. धूर पुरता जळला की नाही, ते मी नाकाने ठरवतो. आंबूस झाक असली तर आच वाढवायची. नसली तर डिझेल उगाच का जाळा? मालक खूश. कारखान्यात मला 'नाकवाले' म्हणतात. म्हणू देत.

५ जून
ताई भांडून गेली. तिचं घर कारखान्याच्या मागच्या गल्लीत, वाऱ्याच्या तोंडावर. म्हणे, वाळत घातलेल्या चादरींना आंबट धुराचा वास येतो, सगळी गल्ली खोकते. "एकदा माझ्या अंगणात येऊन उभा राहा, मग बोल."

६ जून
गेलो. उभा राहिलो. चादर नाकाला लावून पाहिली – धुतलेलं कापड, बाकी काही नाही. तसं सांगितलं. वर हेही ऐकवलं, की टाकून दिलेल्या करवंट्यांपासून आम्ही कार्बन करतो, तो लोकांच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये जातो, आणि तुम्हाला कुरकुरीला निमित्त हवं. ताईने चादर माझ्या हातातून काढून घेतली. मग खोकली. जरा जास्तच मोठ्याने, असं मला वाटलं.

९ जून
गल्लीची तक्रार आलीय, लिहून द्याल का, असं मालकांनी विचारलं. दिलं. वळणदार अक्षरात – धुरास वास नाही.

१४ जून
लिहायला हात धजत नाही.
सकाळी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलो होतो. बायको अंगणातून धावत आली, गॅस बंद केला. दूध आटून पातेल्याला काळं चिकटलेलं. माझ्यापासून हाताच्या अंतरावर! "तुम्हाला वास नाही आला?" वाचण्यात होतो, म्हटलं. ती बघतच राहिली.
नंतर दार लावून घेतलं. व्हिनेगर, फिनेल, रॉकेल, चिरलेला कांदा – एकेक नाकाखाली धरलं. डोळे मिटून. क्रम बदलून पुन्हा. कांद्याने डोळ्यांत पाणी आलं, वास मात्र नाही. कशालाच नाही.
कधी गेला असेल? आणि आच तर मी याच नाकाच्या भरवशावर खाली आणत आलो!

१५ जून
मालकांना सगळं सांगितलं. आच पूर्वीसारखी करा, म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. डिझेल परवडणार नाही म्हणाले. "तुम्हीच लिहून दिलंय ना? मग कालच्या तुमचं ऐकू, की आजच्या?"
मी म्हटलं, मग मला तरी सोडा, नाकच राहिलं नाही.
"छे हो. उलट आता तर तुम्हीच हवेत मला."

१६ जून
सगळ्यांच्या आधी पोचलो. डिझेलचा कॉक स्वतः उघडणार होतो. कॉकला साखळी आणि कुलूप. भट्टीवाला नजर चुकवत म्हणाला, "नाकवाले, चावी वर गेलीय. मला नका विचारू."
तिथून तक्रार कार्यालयात. तिथल्या साहेबांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. माझंच अक्षर.

२० जून
ताईच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. काय सांगणार होतो?

२९ जून
कुलूप तसंच आहे. आच तिथेच आहे.
आज ताई आपणहून आली. हसत! "वास गेला रे. चादरी कशा छान वाळतात. तोंडाने कबूल करणार नाहीस, पण माझ्यासाठी केलंस तू काहीतरी."
मी आत जाऊन पेल्यात व्हिनेगर ओतलं, तिच्यापुढे ठेवलं. तिने उचलून सरळ ओठांशी नेलं. मी तिचं मनगट धरलं.
"अरे, पाणीच तर पितेय!"