बुरुजाखालची माणसं

मिनिआपोलिस,
२६ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. शोभनाकाकूंस,
सा. न. वि. वि.

काल तुमच्या अंगणात जे केलं त्याबद्दल सॉरी, पण अर्धंच. तुमच्या नातीला, अनयाला, रडवलं त्याबद्दल. किल्ला लाथेने पाडला त्याबद्दल नाही!

तुम्हीच म्हणालात, कॉलेज सोडलंस ते सोडलंस, तुझ्या विनोनाला घेऊन फराळाला ये. सहा तास ड्राइव्ह करून आलो, तर दिवाळीला काकांनी पोरांकडून किल्ला कुठला करून घेतलेला? आमच्या मिनिआपोलिसजवळचा! उन्हाळ्यात तुमच्या मंडळाच्या सहलीत त्यांनी चपला काढून ज्याची माती कपाळाला लावली, तोच. काकू, तो काही महाराजांचा गड नव्हे. गोऱ्यांनी इथल्या मूळ रहिवाशांची, विनोनाच्या डकोटा लोकांची, जमीन बळकावली आणि १८६२च्या हिवाळ्यात त्यांच्या बायकापोरांना त्याच किल्ल्याखाली कुंपणात कोंडलं. थंडीने, गोवराने कितीतरी मेली. विनोनाच्या खापरपणजीचा धाकटा भाऊसुद्धा.

आणि तिच्यासमोर बुरुजावर प्लास्टिकचे शिपाई! डोकंच फिरलं माझं. पण परतल्यावर गाडीतून उतरताना ती एवढंच म्हणाली, फोन करू नकोस. मी तिच्याच बाजूने होतो ना? तिच्याशिवाय जीव थाऱ्यावर नाही. तुम्ही तिला समजवा.

तुमचा तापट,
नील

नेपरव्हिल,
९ नोव्हेंबर २०२५

चि. नील यास,
अ. आ.

मी काय समजावणार? काल तीच आली, एकटी. आधी अनयाला फोन करून, येऊ का, म्हणून विचारलं. आमच्या बाईसाहेबांनी चकल्या शिल्लक असल्याचं कळवलं.

तिने पोरांबरोबर बुरूज पुन्हा उभा केला. मग खाली काड्यांचं कुंपण घालून सगळं सांगितलं, आवाज न चढवता. त्या दिवशीच सांगणार होती, तेवढ्यात तुझी लाथ आली. तुझे काका मान खाली घालून बसले होते. म्हणाले, ती माती मी कपाळाला लावली गं. मग त्यांनी त्या मुलाचं नाव विचारलं. त्यांना नीट म्हणता यावं म्हणून तिने दोनदा सांगितलं.

तुझा विषय तिने काढला नाही. मीही नाही. तिच्या दुःखात तुझं प्रेमप्रकरण घुसवायची लाज वाटली. वेळेवर जेवत जा.

रागावलेली, तरी तुझीच,
काकू

मिनिआपोलिस,
१६ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. काकूंस,
सा. न.

पत्र वाचून आधी भडकलोच. आपल्या घरी, आणि माझ्याशिवाय!

काकू, दोन वर्षं मी तिच्यासाठी ज्याच्यात्याच्याशी भांडलो. कॉलेजही असल्याच भांडणात सोडलं. पण त्या मुलाचं नाव तिला कधी विचारलंच नाही. तुम्ही ते मला कळवू नका. मी फोन करणार नाही. तिने कधी केला, तर तिलाच विचारीन.

माया पातळ होऊ देऊ नका.

नील