सहा हो, एक नाही

३ मार्च
अध्यक्ष झालो! सात जणांच्या घराचा. सातही दारू सोडलेले. वर कोणी साहेब नाही - भाडं, स्वयंपाक, नियम, सगळं आमचं आम्हीच. मागचे अध्यक्ष लोहारकाका म्हणाले, "तू सारखा पळायच्या तयारीत असतोस, म्हणून तुला निवडला. आता पळ!"
आईला फोन केला. तिला वाटतं मी कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहतो. म्हणजे आता कंपनीचा अध्यक्ष. सातवी नापास!

९ मार्च
ताईचा फोन. "तुझ्या दाजींचं पिणं फार वाढलंय रे. तिकडे ठेवून घे. तू साहेब माणूस, तुझा धाक राहील." हसू की रडू? याच दाजींनी मला 'बेवडा' म्हणत दारातून हाकललं होतं. स्वतः हातात ग्लास धरून!
ताईला नाही कसं म्हणू?

११ मार्च
कामावर, लाँड्रीत, चारशे चादरी धुतल्या. घरी एक - आठव्या पलंगाची.

१४ मार्च
दाजी आले. कडक इस्त्रीचा शर्ट. भिंतीवरचे नियम वाचले, मग माझ्याकडे बघितलं.
"म्हणजे तूपण?"
"मीपण."
"आणि घरी साहेब!" इतके हसले की ठसका लागला. बैठकीआधी पलंग नाही, म्हणून रात्री बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपले.

१५ मार्च
बैठक. नव्या माणसाला आधी प्रश्न, मग चिठ्ठ्या. एक जरी 'नाही' निघाली तरी पलंग नाही.
वाटलं, दाजी थापा मारतील. नाही मारल्या. "लेकीच्या शाळेत पिऊन गेलो. ती बाईंना म्हणाली, हे आमचे कोणी नाहीत." आमच्या सातातला प्लंबर नाक पुसत बसला.
चिठ्ठ्या मीच मोजल्या. सहा हो. एक नाही.
दाजींनी बॅग उचलली. "येतो, अध्यक्ष."

१६ मार्च
सगळे माझीच समजूत काढतायत! प्लंबरने माझी भांडीपण घासली. "तुझ्या दाजींना नाही म्हणणारा सापडू दे, सोलतो त्याला." मी मोठ्या मनाने म्हटलं, "जाऊ दे रे. नियम म्हणजे नियम."
'नाही' माझी होती. म्हटलं, फिटंफाट.
आठव्या पलंगाची चादर धुतली. झोपलंच नव्हतं कोणी तिच्यावर.

१८ मार्च
ताईचा फोन. "तुझ्या दाजींना जेवण आवडतंय का तिकडचं?"
म्हणजे तीन दिवस झाले, दाजी घरी पोचलेच नाहीत.
सगळ्यांना बोलावलं. ती चिठ्ठी माझी, म्हटलं. कोणी शिवीसुद्धा दिली नाही. लोहारकाका चपला घालत म्हणाले, "फोटो आहे का त्यांचा?"