समुद्रापलीकडची रमी

टाकवे बुद्रुक, १८ जुलै २०२५

ती. माधवीताईंना रेणुकाचा शि. सा. नमस्कार.

घरातले फोन आबांनी मामांकडं नेऊन ठेवले, म्हणून हे पत्र. तुमचे भाऊ पुन्हा मोबाइलवरच्या रमीत पडलेत. फोन मिळत नाही तोवर माणसात असतात. तुम्ही लहानपणी आबांची चप्पल विहिरीत टाकलीत म्हणे, ते आमच्या हिराला रंगवून सांगतात. मग कुणाचा तरी फोन हाती लागतो. परवा रडत म्हणाले, माझ्यानं न्हाई सुटत, सरकारनंच बंद केलं तर सुटंल. तालुक्याला विचारलं तर दिल्लीकडं बोट दाखवतात. तुम्ही खासदारांच्या कचेरीत आहात. खरं काय ते कळवा.

तुमच्या मायेची,
रेणुका

नवी दिल्ली, २२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. रेणुकास अनेक आशीर्वाद.

चप्पल तुझ्या सत्यमनंच टाकली होती, मार मी खाल्ला!

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. घोषणांच्या गदारोळात, धड चर्चा न होता. एरवी मी चिडले असते. काल मात्र टेबलाशी बसून रडले. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा म्हटलं, भावाचं घर वाचलं.

हिराला गोड पापा.
तुझी ताई

टाकवे बुद्रुक, १४ नोव्हेंबर २०२५

ती. ताईंना शि. सा. नमस्कार.

ॲप बंद पडलं त्या दिवशी हे नुसते अंगणात बसून राहिले. मग पोटभर जेवले. गणपती गेले, दसरा गेला, कारखान्याला एक खाडा नाही. आबा म्हणाले, माजं पोरगं घरी आलं.

दिवाळीनंतर उर्से टोलनाक्यापाशी चहा पिताना यांना कुणीतरी लिंक दिली. पत्ते तेच, खेळ तोच. मी कायद्याचं काढलं तर हसून म्हणाले, ही कंपनी हितली न्हाई, लांबच्या बेटावरची हाय. ताई, हे कसं चालतं?

आठवण ठेवा.
रेणुका

नवी दिल्ली, २५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रेणुकास आशीर्वाद.

साहेबांना विचारलं. साइट बंद केली की ती दुसऱ्या नावानं उघडते. परवाना देणाऱ्या देशाला जाब विचारावा, तर त्याच्या लेखी हा जुगार नाही, व्यापार आहे. मागे अशाच एका चिमुकल्या बेटानं ऑनलाइन जुगारावरच्या बंदीवरून थेट अमेरिकेविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली होती, आणि ते जिंकलंही. आयात शुल्कावरून आधीच ओढाताण चालू असताना हे नवं भांडण कोण उकरणार, असं साहेब म्हणाले. इकडं कंपन्यांची कायद्याविरुद्धची प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात आहेत.

आता दिल्लीची वाट बघू नकोस. पुण्यात व्यसनमुक्ती केंद्रात बोलून ठेवलंय. त्याला घेऊन जा.

तुझी ताई

टाकवे बुद्रुक, ११ जानेवारी २०२६

ती. ताईंना शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. सोमवारी जाऊ म्हणाले, आणि रविवारीच घरातून निघून गेले. कामावरूनही नाव काढलंय. शेजारचे केरबाभाऊ म्हणाले, बेगडेवाडी स्टेशनात बसलेले दिसतात. काल मी हिराला घेऊन तिथं गेले.

हे फलाटाच्या टोकाच्या बाकावर होते. दाढी वाढलेली, हातात कुणाचा तरी फोन. हिरानं पप्पा म्हणून हाक मारली. त्यांनी वर न बघता हातानंच थांब म्हणून खूण केली, परक्या पोराला करावी तशी. आम्ही थांबलो. एक लोकल गेली, मग दुसरी. शेवटी हिराच म्हणाली, आई, चल, पप्पा खेळतायत.

पुढचं पत्र माझ्या माहेरी, लोणावळ्याला घाला. तुमच्या भावावरची माया कमी करू नका. माझी आता पुरेना.

रेणुका