आपण दिलेल्या गुलाबाला वास नाही

दहिवली, ता. कर्जत
१८ जानेवारी

तीर्थरूप दाजींच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे भिवाजीचा, वाकून नमस्कार.

इकडे आम्ही दोघे खुशाल आहोत. आपल्या गुडघ्याची आणि जनाक्काच्या साखरेची खबर कळवावी. गणपतीत मला आठ दिवस ताप होता, तो पूर्ण गेला, मागे काही ठेवून गेला नाही. (सर्दी तेवढी दिवाळीपर्यंत रेंगाळली, पण ती मी आजारात धरत नाही.) सुंदराची तब्येत चांगली आहे आणि आवाज त्याहून चांगला आहे. खुशालीचा भाग इथे संपला. आता तक्रार सुरू होते, आणि रागाच्या भरात 'आपण, आपण' लिहायला मला जमत नाही, म्हणून 'तुम्ही'वर येतो.

दाजी, तुम्ही मला फसवलंत. गेल्या वैशाखात तळेगावला बारशाच्या पंगतीत, चौदा माणसांसमोर, तुम्ही ते गुलाबाचं कलम माझ्या हातात ठेवलंत आणि म्हणालात की भिवाजी, याचा सुगंध फाटकाबाहेर जाईल. मी ते कलम मांडीवर घेऊन आलो. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, जमीन तीन महिने पाणी सोडत नाही, म्हणून मुरूम टाकून हातभर उंच वाफा केला. पानांवर काळे डाग पडले तेव्हा एकेक डागी पान हाताने खुडलं. ऑक्टोबरात छाटणी केली, शेणखत घातलं, चहाचा चोथा धुऊन, वाळवून घातला (सुंदराच्या मते या घरात चहा माझ्यापेक्षा गुलाबच जास्त प्यायला). तुम्ही आता म्हणाल की भिवाजीने कलमाच्या खालचा जंगली फुटवाच वाढवला असणार. नाही वाढवला. तो दिसेल तेव्हा मुळापासून काढला. डिसेंबरात पहिलं फूल आलं, गुलाबी, भरदार, वाटीएवढं. मी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून वाफ्यापाशी गेलो आणि नाक लावलं. काही नाही. नळाच्या पाण्याला असतो तेवढासुद्धा वास नाही. फोटो मी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि तुम्ही त्यावर अंगठा दाखवलात, पण फोटोत वास कळत नाही याचा तुम्ही फायदा घेतलात असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मत देण्याचा मला अधिकार आहे. कडावच्या बाजूला दूध गोळा करण्याच्या केंद्रावर एकतीस वर्षं मी कॅनचं झाकण उघडून आत नाक घातलं आहे. मशीन फार नंतर आलं, त्याआधी मीच होतो. कोणाच्या म्हशीने काय खाल्लंय, कोणाचं भांडं नीट घासलेलं नाही, कोणाचं दूध दुपारपर्यंत नासणार, हे मी सांगायचो आणि ते खरं निघायचं. खुद्द चेअरमनचा कॅन मी परत पाठवला होता. याच नाकावर दोन मुलींची लग्नं झाली. आजही बाजारात एखादा म्हातारा मला बघून आपली पिशवी उघडतो आणि विचारतो, तूप चांगलं हाय का बघ रं. तेव्हा दुसरं कोणी असतं तर फसलं असतं, दाजी. तुम्ही चुकीच्या माणसाला बिनवासाचं फूल दिलंत.

अर्थात एकट्या तुम्हाला दोष देण्यात अर्थ नाही, हल्ली कशालाच वास राहिलेला नाही. इंद्रायणी तांदूळ शिजतो, वाफ येते, वास येत नाही. उदबत्तीचा नुसता धूर. कॉफी म्हणजे तपकिरी गरम पाणी. गेल्या महिन्यात मी गॅसशेजारी पेपर वाचत बसलो होतो आणि दूध तळाला लागून पार काळं झालं. सुंदरा परसातून धावत आली, मला शेजारी बसलेला बघितलं आणि तिथेच उभी राहिली. पूर्वीचं दूध करपण्याआधी कळवायचं. हे हल्लीचं, पिशवीतलं, गुपचूप करपतं. मी तिला हे समजावून सांगितलं. तिने भांडं घासायला घेतलं.

तर मोतीबाई. समोरच्या घरातली, आमच्या गल्लीतल्या देवीची पूजा करते ती. तिला रोज दोन फुलं तोडायची परवानगी मी स्वतः दिली होती. पण मी रोज सकाळी प्रत्येक फुलाला नाक लावायचो, आज तरी येईल या आशेने, आणि एके दिवशी तिने ते पाहिलं. कमरेवर हात ठेवून म्हणाली, भाऊ, हुंगलेलं फूल देवाला चालत नाय, एवढं तरी तुमाला ठाव हाय ना? मी म्हटलं, बाई, ज्या फुलाला वासच नाही त्याचा वास घेतला कसा? रिकाम्या ताटाशी बसून उठलेल्या माणसाने ताट उष्टं केलं असं म्हणता का तुम्ही? (हा मुद्दा बिनतोड आहे. भटजींना विचारून बघा.) तर म्हणे वास कसा नाय, माझ्या ओट्यावर येतो. मी म्हटलं, तुम्हाला तसं वाटतं, कारण दाजींनी सांगितलेलं सुंदराने गल्लीभर केलंय. मग ती माझ्याआधी येऊन फुलं तोडायला लागली. मी पाचला उठायला लागलो. ती पावणेपाचला. वीस दिवस आम्ही दोघं, म्हातारी माणसं, कानटोपी घालून कुडकुडत एका गुलाबापाशी भांडत होतो, आणि हे केवळ तुमच्यामुळे.

शेवटी मी म्हटलं, तिऱ्हाइताकडून निवाडा करून घेऊ. डोंगराकडच्या वाडीवरची कोंडी गल्लीत कंद विकायला येते. ती तुम्हाला ओळखत नाही, तिला कोणाची भीड नाही. परवा बाजार उरकून परत चालली होती, तिला हाक मारली. मोतीबाई साक्षीला, सुंदरा दारात. कोंडी फाटकातच थांबली आणि म्हणाली, हितंच येतोय की वास. मी म्हटलं, ही फितूर आहे. त्यावर ती हसली. म्हणाली, डोळं मीट बाबा, मी नाकाशी धरते, तू सांग. मी मिटले. एकतीस वर्षांचा अनुभव, मला कसली भीती? तिने काहीतरी धरलं. मी दीर्घ श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, हा दाजींचा गुलाब, वास नाही. तिने दुसरं धरलं. मी म्हटलं, हाही तोच.

डोळे उघडले तर दुसऱ्या वेळचा गुलाब होता. पहिल्या वेळी तिने बाजारातून घेतलेली सुकटीची पुडी नाकाशी उघडून धरली होती. सुकट, दाजी. जिचा वास शेजारच्या गल्लीतल्या मांजरांना कळतो.

माझी तक्रार पुढे आहे. कोणी हसलं नाही. आमच्या गल्लीत माणूस शेणावरून घसरला तरी आठ दिवस हसतात. इथे सुंदरा आत निघून गेली. कोंडीने पुडीला गाठ मारली, टोपली डोक्यावर घेतली आणि म्हणाली, व्हतंय असं. आणि मोतीबाई, जिने वीस दिवस माझा छळ केला, ती पायाच्या अंगठ्याने मुरूम सारखा करत बसली.

काल सकाळी मी मुद्दाम उशिरा उठलो. बाहेर आलो तर मोतीबाई परडी घेऊन फाटकाशी उभी, एकही फूल तोडलेलं नाही. म्हणाली, घ्या भाऊ, आदी तुमी वास घ्या. मी म्हटलं, मग देवीला काय नेणार? तर म्हणाली, तुमी हुंगलेलं चालतंय तिला. मी वीस दिवस जे ओरडून सांगत होतो ते तिने शब्दशः मान्य केलं. मी वाद जिंकलो. मी पाचही फुलांना नाक लावलं, कारण ती बघत होती, आणि घरात येऊन बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसलो. मला फार राग आला आहे, दाजी. तो मोतीबाईवर काढता येत नाही, ती आता चांगली वागते. म्हणून तुमच्यावर काढतो आहे. तुमचं झाड येऊन घेऊन जा.

आपला आज्ञाधारक,
भिवाजी

ता. क. झाड न्यायला येऊ नका. त्याला सात कळ्या आहेत.

ता. क. २. पुण्याचे ते नाक-कान-घशाचे डॉक्टर, ज्यांच्याकडे तुम्ही तुमच्या चुलतभावाला नेलं होतं, त्यांची वेळ घेऊन ठेवा. आठवड्यातला मधला वार असू दे. तापानंतर असं होतं का, झालं तर परत येतं का, एवढंच विचारायचं आहे. जनाक्काला सांगताना भिवाजीचा गुडघा म्हणा, तुमच्या गुडघ्यामुळे तिला ते खरं वाटेल. सुंदरालाही काही बोलू नका. ती परवापासून जेवताना मोठ्याने म्हणते, आज लसूण जरा जास्तच पडला ना, किंवा आज तूप ताजं कढवलंय. ताटात काय आहे ते मला कळावं म्हणून. मी हो म्हणतो. ती असं का बोलते ते मला कळलेलं नाही, असं तिला वाटू दे.

ता. क. ३. डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत एक काम करा. या गुलाबाला वास कसा आहे ते मला लिहून पाठवा. कविता नको. कशासारखा आहे, गोड आहे की उग्र, सकाळी जास्त असतो की उन्हात, सगळं सरळ लिहा. जाता-येता लोक फाटकाशी थांबतात, डोळे मिटतात आणि काय वास आहे हो म्हणतात, आणि मी त्यांच्या शेजारी उभा असतो.