फाटकावरच्या पाट्या

ऑड्री,

शेजारच्या नॉर्मबरोबर शिडी आणायला जातोय, दुपारपर्यंत येईन. किटली चुलीवर कोमट आहे. नदीवरून आलेलं धुकं अजून बागेत झोपलंय, झाडं पाण्यात उभी असल्यासारखी दिसतायत. म्हणून तुला उठवलं नाही.

फळांच्या पेट्या फाटकाशी मांडल्यात. पाट्याही रंगवल्या. तू इंग्रजीच्या वर्गात शिकवायचीस ते आठवून पाहिलं. एकच असेल तर नुसतं नाव, पुष्कळ असतील तर एस, आणि कुणाचं काही असेल तर एसच्या आधी वर लटकणारा स्वल्पविराम. मी तो सगळीकडेच लटकवलाय, सफरचंदांना, नासपतींना, अगदी अंड्यांनासुद्धा. नॉर्म बघून म्हणाला, "बाईंनी अजून पाहिलेलं दिसत नाही." मी म्हटलं, "पाहतील."

दरवर्षी तू ब्रश घेऊन तरातरा फाटकाशी यायचीस. "सफरचंदाच्या मालकीचं काय आहे रे, क्लाइव्ह?" म्हणत येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर माझा उद्धार करायचीस. आपला ब्रॅम गेल्यापासून तू अंगणातसुद्धा उतरली नाहीस.

त्याने लहानपणी लावलेल्या झाडाची फळं मी वेगळ्या पेटीत ठेवलीयत. त्या पाटीवर फक्त 'ब्रॅम' लिहिलंय, पुढची जागा मोकळी आहे. ते झाड अजूनही त्याचंच आहे, एवढं मला कळतं. पण पुढचा तो स्वल्पविराम आणि एस लिहायला माझा हात चालेना. ते तू लिही.

पांढरा रंग खिडकीत आहे. ब्रश ओला करून ठेवलाय, वाळायच्या आत जा.

क्लाइव्ह