तीन आंब्यांचं वळण

ब्रॉक्टन,
१४ ऑक्टोबर २०१९

चि. ओदानी हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर काहीही विचारलं की तू “सगळं ठीक” म्हणतेस आणि तेवढ्यात तुझी बॅटरी मरते. म्हणून हे पत्र. कागदावर थापा मारायला तुला लहानपणापासून जमत नाही. चर्चमधला एकजण काप्प शहराला येतोय, त्याच्या बॅगेत साबण आहे आणि तुझ्या लेकीच्या, विदलीनच्या, बाळासाठी टोपडी आहेत. बाळ यायच्या आधी टोपडी कशाला, म्हणून कुरकुरशील. कपाटात टाक आणि विसरून जा.

बातमी अशी की काल इथे परदेशातल्या चर्चच्या हॉलमध्ये आपल्या देशातल्या खऱ्याखुऱ्या बाळंतपणांवरचा एक चित्रपट दाखवला. हॉल गच्च भरला, मासळी भरलेले करंज्यांसारखे पाते अर्ध्यातच संपले. आपली माणसं गप्प बसून चित्रपट बघतील तर शपथ. मागच्या रांगेतून पडद्यावरच्या सुईणीला सल्ले चालले होते. एका म्हातारीनं तर पडद्यातल्या बाईला दटावलं, डोकं बांध, वारा लागेल.

त्यात एक पिवळ्या रुमालाची बाई होती, दिवस भरत आलेली. सुईणीनं तिला तपासलं आणि म्हणाली, हे माझ्या हातातलं नाही, काप्पच्या इस्पितळात न्या. इकडे रस्त्यावर टायर जळतायत, दगड पडतायत. तिला मोटरसायकलवर बसवलं, मोटरसायकल एका वळणावर दिसेनाशी झाली आणि चित्रपट संपला. खाली नावंच यायला लागली. लोक असे खवळले म्हणून सांगू! चित्रपट काढणारी पोरगी समोरच उभी होती. बाई जगली का, मूल जगलं का, सगळे तिलाच विचारायला लागले. ती म्हणाली, फेब्रुवारीतली गोष्ट, मला तिथून पुढे कुणी जाऊ दिलं नाही. नंतर शोधलं, पण बाई सापडली नाही.

आता ऐक. ते वळण मी ओळखलं. आपलं तीन आंब्यांचं! कैऱ्या चोरून आपण मार खाल्ला तेच. हे मी मोठ्यानं बोलून बसले आणि अख्ख्या हॉलनं काम माझ्या गळ्यात मारलं. मला स्वतःलाही चैन नाही बघ. भाजी चिरताना मध्येच तो पिवळा रुमाल आठवतो. तू जरा विचार ना गं तिथे.

आणि विदलीन कशी आहे? खरं लिही. तिचा नवरा चिलीहून फोन करतो का?

माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस, साबण मात्र शेजारणींना वाटू नकोस.

तुझी,
इल्मेन


लेंबे,
२३ ऑक्टोबर

ती. इल्मेनताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, साबण पोचला. टोपडी मी पाहिली नाहीत. निळं छान आहे.

म्हणजे आम्ही इथे कळा द्यायच्या आणि तुम्ही तिथे पाते खात बघायचं! सरकारविरुद्धच्या आंदोलनानं देशाला कुलूप लागलंय, पेट्रोल नाही, शाळा बंद, आणि आमच्या ताईसाहेबांना पिवळा रुमाल हवाय. पण खरं सांगते, मलाही राहवेना. परवा बाजाराच्या निमित्तानं चालत तीन आंब्यांपर्यंत गेले.

वळणावर पोरांनी दगड आणि टायर रचलेत. गंमत अशी की एका कडेला नीरफणसाचं रोप आहे, त्याला काट्यांचं कुंपण, आणि त्याच्या आसपास एक दगड नाही. एवढ्या धुमश्चक्रीत रोपाची काळजी कुणाला, देव जाणे. तिथे एक बाई केळी तळत बसते. तिला विचारलं, तर माझ्याकडे नीट निरखून बघितलं, कशाला हवंय म्हणाली, आणि केळी उलटायला लागली. दुसरं कुणी तोंडच उघडत नाही. आता तूच ये आणि विचार.

विदलीन मजेत आहे. पाय एवढे फुगलेत की एकही चप्पल शिरत नाही. माझ्या नवऱ्याच्या जुन्या सपाता घालून बदकासारखी चालते, आम्ही हसून हसून दमतो. डोकं दुखतं म्हणते, मी पानं बांधते कपाळावर. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, ते उन्हामुळे असेल. नवरा रविवारी फोन करतो.

आठवण ठेव, माया पातळ करू नकोस.

तुझी धाकटी,
ओदानी


ब्रॉक्टन,
१ नोव्हेंबर

चि. ओदानी हिस आशीर्वाद.

तुझा फोन लागत नाही, शेजाऱ्यांचाही नाही. उद्या जो कोणी काप्पला निघेल त्याच्या हातात हे देणार.

त्या पिवळ्या रुमालाच्या बाईचे पाय सुजले होते. डोकं दुखत होतं, काजवे दिसत होते. सुईणीनं तिच्या नडगीवर अंगठा दाबला, खळगा पडला आणि तसाच राहिला. तेवढ्यावरूनच म्हणाली, हिला न्या.

हे वाचतेस तशी ऊठ आणि विदलीनच्या पायावर अंगठा दाब. खळगा राहिला तर मला उत्तर लिहीत बसू नकोस. मला फार भीती वाटतेय, ओदानी. ती बाई जगली की नाही, आता मला खरंच कळायला हवंय.

इल्मेन


लेंबे,
१७ नोव्हेंबर

ती. इल्मेनताईस शि. सा. न. वि. वि.

ताई, आधी हे वाच: दोघी जिवंत आहेत. मुलगी झाली. आता खाली बस आणि पुढचं वाच.

तुझं पत्र आलं तेव्हा विदलीन डोळे मिटून पडली होती. मी अंगठा दाबला. खळगा पडला तो भरेचना. मी तिला बदक म्हणून हसत होते गं! शेजारच्या वील्नेरनं मोटरसायकल काढली, मध्ये विदलीन, मागे तिला कवटाळून मी.

तीन आंब्यांपाशी अडवलं. रोपाशेजारच्या तेवढ्या मोकळ्या जागेत पोरं हाताला हात धरून उभी होती. आज कुणालाच सोडायचं नाही म्हणे. मी हात जोडले, शिव्या घातल्या, एकेकाची आई काढली, पण ढिम्म. तेवढ्यात ती केळी तळणारी उठून आली. एका हातात झारा, कडेवर पोर. रोपाकडे झारा रोखून पोरांना म्हणाली, “हिला अडवायचं तर माझ्या लेकाच्या नाळेवर उभं राहून अडवा.”

तीच गं ती. पिवळ्या रुमालाची. द्येला तिचं नाव. काप्पला ती पोचलीच नव्हती. तिलाही तिथेच अडवलं होतं, आणि रस्त्याच्या कडेलाच ती बाळंत झाली. अडवणाऱ्या याच पोरांनी मग पाठ फिरवून चादर धरली. नंतर महिनाभर तिला उठवेना, पण जगली. मुलाची नाळ तिथेच पुरली, वर नीरफणस लावला. पोरं कितीही माजलेली असोत, नाळेवर पाय कोण देणार? एकेकानं मान खाली घातली आणि वाट सोडली.

इस्पितळात पोट फाडून बाळ काढलं. उशीर केला म्हणून डॉक्टरीणबाई माझ्यावर फार ओरडल्या. ओरडू देत.

परतताना द्येलाला विचारलं, त्या दिवशी का बोलली नाहीस. म्हणाली, लोक येतात, विचारतात आणि जातात, तूही तशीच वाटलीस. चित्रपट तिनं पाहिलेला नाही. मी ओरडताना वाईट दिसते का, हे तिला तुझ्याकडून ऐकायचंय. आणि तुझ्या हॉलला विचारलंय की एवढं बघून झाल्यावर तुम्ही घरी जाऊन काय केलंत. मी म्हटलं, माझ्या बहिणीनं पत्र लिहिलं. त्यावर तिनं मला दोन केळी जास्त दिली.

काल बाळाची नाळ गळली. मी घरामागे खड्डा खणून ठेवला होता, तर विदलीन म्हणते, इथे नाही, तीन आंब्यांपाशी पुरायची. द्येलाच्या रोपाजवळ नाही, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला. मी चिडले, आपल्या मुलीची नाळ त्या रस्त्यावर? ती म्हणाली, दोन्ही कडांना नाळ असली की मधे मोटरसायकल जाईल एवढी वाट तरी कायमची उघडी राहील.

उद्या सकाळी आम्ही जातोय. झाड कुठलं लावायचं ते तू सांगायचंस, मोठी आहेस, पण तुझ्या उत्तराची वाट बघत नाही. आंबाच लावते. चौथा.

आमच्यावर जीव असू दे, आणि पिवळ्या रुमालाचं कापड मिळालं तर दोन वार पाठव.

तुझी,
ओदानी