अण्णांच्या शेजारची जागा

माय,

छोटीचं लग्न ठरलंय. पोरगा अजिंठ्याकडचा आहे, घरी शेती आहे आणि वाळूजला कंपनीत पण जातो. लग्न हर्सूलच्या पुढं एका लॉनवर आहे, आणि त्या दिवसाचं सगळं टायमिंग मी लावतोय, इथं हिमाचलात पोकलेनच्या केबिनमध्ये बसून. हसू नको. सातवीत शाळा सुटलेल्या पोराकडं हे काम आलं, कारण घरात फोटोवाल्याशी भांडायला दुसरं कोणी तयार नाही. माझं बूड एका जागी टिकत नाही म्हणून तू ओरडायचीस, ते अजून तसंच आहे. वाळूज झालं, सुरत झालं, आता रस्त्यासाठी डोंगर कापतो. मशीन बंद केलं की दरीच्या कडेला थोडी रेंज येते. तिथं उभा राहून बहिणीचं लग्न लावतोय.

आता लग्न भटजीच्या घड्याळावर चालत नाही, फोटोवाल्याच्या उन्हावर चालतं. हा शहरातला पोरगा आहे, माझ्याच वयाचा. त्याचं म्हणणं, हळद सकाळी लवकर उरका, नंतर ऊन पांढरं पडतं आणि हळद हळदीसारखी दिसत नाही. दुपारी नवरीचा एक पण फोटो नको, डोळ्याखाली सावल्या येतात. चारला ती तयार पाहिजे. "भाऊ, मेकअपवाली लेट झाली ना, तर मग मी सूर्याला थांब बोलू क्या?" असं मलाच विचारतो. काका फोनवर लई तापले. "आरं, मग अक्षदा कधी टाकायच्या? का त्या बी फोटोवाल्याला इचारून?" मी म्हणलं, "व्हय काका, त्यालाच इचारून." काकांनी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी परत केला, त्यांचा नवा कोट फोटोत कसा दिसंल ते विचारायला.

एक गोष्ट मात्र मी माझ्या मनानं केली. घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो पंगतीच्या आधी ठेवला. फोटोवाला म्हणला, सगळे नंतर ठेवतात. मी म्हणलं, नंतर बाया सापडत नाहीत. त्याला काय माहीत. मला पिशोरचं ते लग्न आठवतं, आत्याच्या पोरीचं. फोटोवाला सगळ्यांना ओळीत उभा करतोय, आणि तू मांडवामागं चुलीपाशी पुऱ्या लाटतीयेस. मी तुझा पदर धरून ओढतोय, चल ना, चल ना. तू म्हणतीयेस, "एवढा घाणा निघू दे, आलेच." दुसऱ्यांदा ओढलं तशी पिठाच्या हातानं पाठीत धपाटा घातलास. "फोटोनं पोट भरतंय व्हय रे? जा, तू उभा राहा. तोंड पूस आधी." मी तोंड पुसून उभा राहिलो. त्या फोटोत माझ्या शर्टावर तुझी पिठाची बोटं नाहीत, कारण ती पाठीवर होती. तू तर नाहीसच.

असं प्रत्येक लग्नात झालं. म्हणून तू गेलीस तेव्हा दहाव्याला ठेवायला फोटो सापडेना. शेवटी कुणाच्या तरी बारशाच्या फोटोत कडेला तू अर्धी सापडलीस, हातात ताट, डाव्या बाजूला एका बाईचा अंबाडा आडवा. स्टुडिओवाल्यानं तो अंबाडा काढला आणि तुझा खांदा भरून दिला. घरात भिंतीवर तू आहेस ती तशी. डावा खांदा स्टुडिओवाल्याचा आहे. हे मी छोटीला कधी सांगितलं नाही. ती लहान होती, तिला तो खांदा तुझाच वाटतो.

हा नवा फोटोवाला तोच फोटो मागत होता. म्हणला, "आईंना अण्णांच्या बाजूला बसवून देतो भाऊ, कुणाला कळणार पण नाही." चांगल्या मनानं म्हणला. पण मला ते नको वाटलं. एका खांद्यावर भागलं, आता अख्खी माय दुसऱ्यानं करायची का?

मग त्यानं कन्यादानाचं विचारलं. कोणतं जोडपं बसणार, त्या हिशोबानं त्याला कॅमेरा लावायचा होता. आपल्याकडं बायको गेलेला माणूस एकटा बसत नाही. एक तर भाऊ-भावजय बसतात, नाही तर तो कमरेला सुपारी खोचून बसतो, आणि ती सुपारी म्हणजे त्याची बायको. काका-काकूंचं ठरलंच होतं, कोट त्यासाठीच शिवला होता. फोटोवाला पण म्हणला, जोडपं असलं की फ्रेम भरते, एकटा माणूस बसला की बाजूला भोक दिसतं. मी बरं म्हणलं आणि कामावर गेलो. दिवसभर मशीन चालवत होतो आणि डोळ्यापुढं ते भोकच येत होतं. संध्याकाळी त्याला फोन केला. "काका नाही. अण्णा बसणार, सुपारी घेऊन."

"भाऊ, सुपारी फोटोत दिसत नाही."

"नाही दिसली तरी चालंल. बाजूची जागा दिसली पाहिजे. तिथं कुणाला सरकू देऊ नको."

 मग म्हणला, "हौ. पण ऊन जायच्या आत बसवा."

काकांना सांगितलं, अण्णांची इच्छा आहे. अण्णांना सांगितलं, छोटीचा हट्ट आहे. छोटीला सांगितलं, भटजी म्हणतो. तिघांनीही मानलं. काका रुसलेत, पण काकू म्हणाली, येतील.

मला भीती तुझीच होती. शेजारचे म्हातारबाबा असेच सुपारी खोचून नातीच्या कन्यादानाला बसले होते, तेव्हा तू भाकरी थापता थापता शेजारणीला म्हणाली होतीस, "मेल्यावर बी सोडत नाय गडी, कमरंला बांधून घेतो." दोघी कितीतरी वेळ हसत होतात. ते मी अण्णांना सांगितलं नाही. पण काल अण्णाच फोनवर म्हणले, "तुझ्या मायला चारचौघांत बसायचं लई वावडं होतं. तिला इचारलं का?"

मला वाटलं चेष्टा करतायत. पण ते थांबले होते, उत्तरासाठी.

मी म्हणलं, "व्हय, इचारलं."

"काय म्हणली?"

"बसते म्हणली."

"मग बरं," म्हणले, आणि छोटीला हाक मारून धुतलेलं धोतर बाहेर काढायला सांगितलं.

खोटं बोललो माय. म्हणून हे लिहायला बसलो. हा कागद टाकायला कुठं पेटी नाही, ते मला कळतं. पण इचारायचं राहिलं होतं, ते इचारतो. बसशील का? आणि खरं सांगू, तू नाय म्हणालीस तरी मी आता टायमिंग बदलणार नाय.